क्रूसाचा उरलेला रंग

चूक माझी होती. हे वाक्य मी आधीच लिहून ठेवतो, कारण लिहिता लिहिता मी नेहमीप्रमाणे कारणं शोधू लागेन. तेव्हा निदान हे एवढं तरी वर तसंच राहील. आमच्या जुन्या जीपची वायरिंग बिघडली ती माझ्या हाताने. दोष मात्र मी गोखिवऱ्याच्या एका वयस्क वायरमनला दिला. मनातल्या मनात दिला असता तर गोष्ट वेगळी होती. मी तो रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात, चारचौघांत दिला. लोकांनी माझं ऐकलं आणि त्यांच्याकडे जाणारं काम थांबलं. त्याहून वाईट म्हणजे, आपला हात आता चालत नाही असं त्या माणसाला स्वतःलाच वाटू लागलं. आयुष्यभर ज्या हातांनी गाड्या चालत्या केल्या, त्या हातांवरचा त्यांचा भरवसा मी घालवला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला विजेचा धडा माझ्याकडेच असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह फिरून परत बॅटरीत आला नाही तर बल्ब लागत नाही, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवत आलो आहे की डोळे मिटूनही ती आकृती काढीन. हे मुद्दाम सांगतो. न कळणाऱ्या माणसाची चूक वेगळी आणि माझी वेगळी.

जीप वडिलांची. त्यांनी ती लिलावात घेतली तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. पुढे दोन माणसं बसतात, मागे उघडा हौदा. वडील गेल्यावर वाडी मोठ्या भावाकडे आली आणि वाडीबरोबर जीपही. आठवड्यातून दोनदा तो नंदाखालहून पहाटे केळीचे घड, नारळ आणि भाजीच्या पाट्या घेऊन वसईच्या बाजाराला जातो. नवीन टेम्पो घे म्हटलं की म्हणतो, "ही थांबली की बघू." घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते साध्या मराठीत लिहितो आहे, पण त्याच्या तोंडी ते वाक्य एखाद्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं येतं.

मागच्या नोव्हेंबरात जीपची सगळी वायरिंग नवी करायची ठरली. जुन्या वायरींचं रबर हातात घेतलं की भुगा होत होता. गोखिवऱ्याच्या गाळ्यांच्या रांगेच्या टोकाला एका वायरमनचं लहानसं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून जीप तिथेच जायची. सगळे त्यांना मामा म्हणतात. साठी कधीच ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं थोडं. त्यांनी तीन दिवस काम केलं. लाकडी फळीवर बसून एकेक वायर मापून कापली, प्रत्येक जोडाला कथलाचा डाग दिला, वर कापडी पट्टी गुंडाळली. बॉनेटखाली एके ठिकाणी ते बराच वेळ पत्रा घासत होते. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा त्यांनी आरशासारखी केली, तिथे एक जाड विणलेली पट्टी बोल्टने आवळली आणि वर बोटाने ग्रीस फासलं.

मी तिथेच उभा होतो. पण बघत नव्हतो. मी त्यांना विद्युतरोध म्हणजे काय ते समजावून सांगत होतो.

"असंल," ते म्हणाले. मग बोट फडक्याला पुसत म्हणाले, "सर, आपली हवा खारी. जोड कुजतात. पन आता हिला धा वर्सं कोनी हात लावायचा नाय."

हात मी लावला. महिनाभराच्या आतच.

आमच्याकडे नाताळच्या आधी घराला आणि अंगणातल्या क्रूसाला रंग होतो. क्रूसाचा पांढरा ऑइल पेंट वेगळा आणतात, चांगल्यातला. आईची एक शिस्त होती: क्रूसाचा उरलेला रंग वाया घालवायचा नाही, आणि तो कुठेही फासायचाही नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला नाही, न्हाणीच्या दाराला नाही. जिला मान आहे अशा वस्तूलाच तो लावायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण शिस्त राहिली आहे. एका वर्षी तो रंग देवघराच्या चौकटीला लागला, एका वर्षी वडिलांच्या खुर्चीला. या वेळी निम्मा डबा उरला होता, आणि मला जीप आठवली. आतून नवी झाली आहे, तर बॉनेट उघडल्यावर दिसायलाही नवी दिसू दे, असं वाटलं.

शनिवारी दुपारी मी एकट्यानेच सुरुवात केली. रॉकेलच्या फडक्याने सगळं पुसून काढलं. ती विणलेली पट्टी ज्या बोल्टखाली होती, तिथे काळपट चिकट घाण साचलेली दिसली. बोल्ट खोलला, पट्टी बाजूला केली, घाण स्वच्छ पुसली. खाली पत्रा उघडा दिसला. आता हा गंजणार, म्हणून त्यावर दोन हात रंग दिला, जरा सुकू दिला, पट्टी परत बसवली, बोल्ट आवळला आणि बोल्टच्या डोक्यावरूनही ब्रश फिरवला. ती घाण नव्हती. ते मामांच्या बोटाने लावलेलं ग्रीस होतं. माझ्या डोक्यात तेव्हा हे आलंच नाही.

संध्याकाळी भाऊ वाडीतून आला. बॉनेटखाली वाकून बघत राहिला.

"पांढरे कपडे घालून जीपचं फर्स्ट कम्युनियन आहे की काय?"

"क्रूसाचा रंग उरला होता."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि दुधाची किटली घेऊन आत गेला.

पुढचे तीन-चार दिवस जीप दिवसाच फिरली. खत आणलं, झावळ्या आणल्या. दिवसा तिला विजेचं काम फारसं नसतं. गुरुवारी पहाटे भाऊ माल भरून निघाला आणि निम्म्या वाटेवर हेडलाइट आधी पिवळे, मग विझल्यासारखे झाले. त्याने इंडिकेटर लावला तर पुढचे दिवे त्याच्याबरोबर उघडमीट करू लागले. समोर वळण, दोन्ही बाजूंना बावखल, म्हणजे पाण्याची खोल तळी. गाडी कशीबशी कडेला लागली. उजाडेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. घरी आला तेव्हा नुसता मोरीपाशी पाय धूत राहिला. वहिनीने मला बोलावून घेतलं. "बावखलात गेली असती," एवढंच ती म्हणाली.

मी घाबरलो होतो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, पुढचं सगळं त्या भीतीतून आलं. पण भीती हे खरं कारण होतं, नुसती सबब नव्हे, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं, आणि किती वेळा ते मलाच पटलं नाही, याची मोजदाद नाही.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी जीपची तपासणी केली. जे दिसलं ते असं: हेडलाइट लावला की हॉर्न खोकल्यासारखा वाजायचा. ब्रेक दाबला की डिझेलचा काटा टाकी भरल्यासारखा वर जायचा. डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणायचा. वायपर चालू केला की सगळंच मंदावायचं. आणि इंजिन मात्र एका झटक्यात सुरू व्हायचं, जसं काही झालंच नाही. बॅटरी भरलेली होती, फ्यूज शाबूत होते. इंजिन बंद करायला ओढायची केबल मी धरली तर ती कोमट लागली. लोखंडी केबल, जिच्यात वीज असण्याचं काही कारण नाही, ती कोमट. मी हात मागे घेतला आणि परत लावून पाहिला. कोमटच. मी वहीत सगळं लिहून काढलं, बाण काढले, आणि वही मिटून ठेवली. त्यातलं एकही वाक्य दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

आज सांगायला सोपं आहे. इंजिन बॅटरीला वेगळ्या जाड वायरने जोडलेलं होतं, म्हणून ते सुरू होत होतं. दिव्यांच्या प्रवाहाला मात्र गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतायचा एकच नीट रस्ता होता, तो म्हणजे ती विणलेली पट्टी. त्या रस्त्यात मी रंगाचा थर घातला होता. मग प्रवाह मिळेल त्या वाटेने परतत होता: दुसऱ्या बल्बातून, काट्यातून, हॉर्नमधून, त्या केबलमधून. फळ्यावर मी हेच शिकवतो. जीपपुढे उभं राहिल्यावर मला ते ओळखू आलं नाही.

शनिवारी मामांना बोलावलं. ते बसने आले, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. तिच्यात पक्कड, पाने आणि त्यांचा टेस्टिंग बल्ब: एका छोट्या होल्डरात बल्ब, त्यातून निघालेल्या दोन वायरी, एकीला दातेरी चिमटा, दुसरीला टोकदार सुई. तो त्यांनी स्वतः बनवलेला होता.

दोन तास ते जीपखाली, डॅशबोर्डखाली, हौद्याखाली सरपटत राहिले. प्रत्येक जोड उघडला, पाहिला, बंद केला. बल्ब धरताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. तो मागेही थरथरत असेल, पण मी तो त्या दिवशी पाहिला. शेवटी ते जमिनीवरच बसले.

"समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "तरी चालत नाय. असं कसं?"

मग ते उठले, बॉनेटखाली वाकले, चष्मा पुसला.

"सर, रंग कोनी मारला?"

"घरचाच आहे. नाताळचा." मी मारला, असं मी म्हणालो नाही.

"बॉडीची पट्टी कोनी खोलली होती काय?"

"नाही. तिला कोणी हात लावलेला नाही."

हे मी का म्हणालो? मी खोटं बोललो की विसरलो होतो? मी ती पट्टी आठवडाभरापूर्वी स्वतःच्या हाताने खोलली होती. माणूस इतकं विसरत नाही. पण माझ्या मनात ते 'खोलणं' नव्हतंच, ते 'रंगवणं' होतं. असं मी आज म्हणतो. त्या क्षणी आत काहीतरी चुकचुकलं होतं का? होतं असं वाटतं. नव्हतं असंही वाटतं. मी ही जागा पुष्कळदा उकरून पाहिली आहे आणि दर वेळी वेगळंच निघतं.

मामांनी पिशवीतून पाना काढला आणि त्या बोल्टकडे हात नेला.

"तिथे नको," मी म्हणालो. "रंग निघेल. क्रूसाचा आहे तो."

त्यांनी हात मागे घेतला. दुसऱ्याच्या घरच्या देवाधर्माचं म्हटलं की त्यांच्यासारखा माणूस हात मागे घेतोच. पाना त्यांनी परत पिशवीत टाकला. मग म्हणाले, "मंग माझंच कायतरी चुकलं असंल. आता डोलं पन पयल्यासारखे नाय ऱ्हायले."

हे वाक्य मी उचललं. "मामा, चुकलंच आहे," मी म्हणालो. "दादा बावखलात गेला असता. झेपत नसेल तर काम घ्यायचं नाही."

त्यांनी पिशवी उचलली आणि बस स्टॉपच्या दिशेने निघाले. टेस्टिंग बल्ब मडगार्डला चिमट्याने लटकलेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर चर्चच्या दारात नेहमीची मंडळी उभी होती. कोणाचा टेम्पो आहे, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची लग्नाला भाड्याने देण्याची गाडी. कुठला गवंडी बरा, कुठला डॉक्टर बरा, हे आमच्याकडे तिथेच ठरतं. एकाने विचारलं, "तुमच्या जीपचं काय झालं म्हणे?"

"त्या मामांचा हात गेला आता," मी म्हणालो. "नजरही गेली. गाडी देऊ नका त्यांच्याकडे. जीवावर बेतेल."

"सर म्हणतायत म्हणजे..." कोणीतरी म्हणालं, आणि पुढचं वाक्य कोणाला पुरं करावं लागलं नाही. मामा गोखिवऱ्याचे, आमच्या चर्चचे नाहीत. त्यांच्या बाजूने बोलायला त्या दारात कोणी नव्हतं, आणि ते स्वतः तर तिथे कधी येणारच नव्हते.

नाताळच्या सुट्टीत मी जीप स्वतःच दुरुस्त करायला घेतली. त्यांनी बांधलेला वायरींचा जुडगा जागोजागी कापला, नवे जोड दिले, काळी टेप गुंडाळली. एक बिघाड जायचा आणि दोन यायचे. एकदा इंडिकेटर ठीक झाला तर हॉर्न वाजायचा थांबेना. शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सर, कुठला सण आहे आज?" भाऊ भाड्याच्या टेम्पोने माल नेत होता आणि मला एका शब्दानेही काही विचारत नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी मामांचाच टेस्टिंग बल्ब घेऊन बसलो होतो. चिमटा त्या पांढऱ्या बोल्टला लावायचा आणि सुई वायरीवर टेकवायची, असं चाललं होतं. बल्ब लागत नव्हता. म्हणजे वायरीत वीज नाही, असं मी वहीत लिहीत होतो. एका वेळी चिमटा बोल्टवरून निसटला, खाली पडता पडता बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर चावला, आणि सुई जिथे होती तिथेच असताना बल्ब लख्ख पेटला.

मी चिमटा परत बोल्टला लावला. विझला. बॅटरीला लावला. पेटला. हे मी किती वेळा केलं कोण जाणे. वीज वायरीत होती. सुरुवातीपासून होती. तुटला होता तो माझ्या बोल्टपाशीच, परतीचा रस्ता.

मी घरातून एक जाड वायर आणली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं आणि दुसरं हौद्याच्या उघड्या लोखंडाला. बायकोला हेडलाइट लावायला सांगितलं. उन्हातही ते पांढरे दिसले. हॉर्न हॉर्नसारखा वाजला.

"झालं की!" ती जीपमधून म्हणाली. "काय होतं?"

मी बोल्ट खोलला. सुरीने रंग खरवडला. पांढऱ्या थराखाली ती रुपयाएवढी जागा निघाली, अजून चमकत होती. पॉलिश पेपरच्या गोल गोल रेषा तिच्यावर स्पष्ट दिसत होत्या. मी बराच वेळ तिथे बोट ठेवून उभा राहिलो.

"काय होतं?" तिने परत विचारलं.

"एक वायर सैल होती," मी म्हणालो.

भावालाही तेच सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "शेवटी सर ते सर," तो म्हणाला. मला तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण तो आधीच गाडी मागे घेऊ लागला होता, आणि माणूस गाडी मागे घेत असताना असं काही सांगत नाहीत, असं मी ठरवलं. अशी कारणं मला पुढे दर आठवड्याला मिळत गेली. टेस्टिंग बल्ब मी फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला, शाळेच्या जुन्या वह्यांच्या मागे.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एकदा चर्चच्या दारात ट्रॅक्टरवाला सहज म्हणाला, "सर, तुमचं बरोबर होतं. त्या गोखिवऱ्याच्या मामांनी वायरिंगचं कामच सोडलं. मी दुसऱ्या कामाने गेलो होतो. म्हणाले, हात चालत नाय, कोनाचा जीव जायचा." त्याने त्यांची नक्कल केली आणि दोघे-तिघे हसले. मीही हसल्यासारखं केलं. 'कोणाचा जीव जायचा', हे शब्द मामांचे नव्हते. ते माझे होते. ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते.

पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. जाळीच्या पलीकडे फादर होते, वयाने माझ्याहून लहान. मी सगळं सांगितलं. रंग, बोल्ट, पट्टी, चर्चचं दार. सांगताना मध्येच मी प्रवाह कसा परततो ते समजावू लागलो, तेव्हा त्यांनी थांबवलं.

"त्यांना सांगितलंत?"

"नाही, फादर."

"लोकांना?"

"नाही."

"मग मला आधी का सांगताय?"

कारण तिथे सांगणं सगळ्यांत सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर मी दारात उभा राहिलो. मी म्हणालो, "मला एक सांगायचं आहे. त्या वायरमन मामांबद्दल मी डिसेंबरात जे बोललो ते खोटं होतं. बिघाड मी केला होता."

मंडळी माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही काय बोलला होतात?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"त्यांचा हात गेला, असं."

"तुम्ही म्हणालात होय ते? मला वाटलं, सगळेच म्हणतायत."

"अरे, सरांनीच सांगितलेलं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पण सर, त्यांनी स्वतः कबूल केलं ना माझ्याकडे? मग खोटं कसं?"

मी समजावू लागलो. जितकं समजावत गेलो तितके ते गोंधळत गेले. शेवटी एकजण म्हणाला, "म्हणजे गाडी त्यांच्याकडे द्यायची की नाही, एवढं सांगा."

"द्या. माझी मी उद्याच नेतोय."

भाऊ मागे उभा होता, हे मला तेव्हा दिसलं. घरी जाताना तो माझ्यापुढे चालत राहिला. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "सैल वायर." एवढंच. मग जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली.

सोमवारी शाळेत रजा टाकली आणि जीप घेऊन रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला, गोखिवऱ्याला गेलो. मामा दुकानातच होते. दुकानात आता बल्बांची खोकी, हॉर्न, फ्यूजची पाकिटं. त्यांची लाकडी फळी भिंतीला उभी टेकवलेली होती.

"या सर," ते म्हणाले, जणू मधले महिने नव्हतेच. "वायरिंगचं नाय करत आता. बॅटरीत पानी घालून देऊ?"

मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. बॅटरीला पाणी नको होतं. त्यांनी बाटली घेतली, बाहेर आले, बॉनेट उघडलं. मी फडक्यातला टेस्टिंग बल्ब काढून मडगार्डवर ठेवला. त्यांनी तो ओळखला, पण उचलला नाही. ते माझ्या काळ्या टेपचे जोड बघत होते. एका जोडाला बोट लावून म्हणाले, "हे माझं नाय."

"नाही. ते माझं आहे."

मग त्यांना ती जागा दिसली. सभोवार पांढरा रंग आणि मध्ये खरवडलेलं गोल. त्यांनी चष्मा कपाळावर केला आणि अगदी जवळ वाकले. बाजूच्या गाळ्यात कुठलं तरी यंत्र पत्रा कापत होतं.

"रंग कोनी मारला होता, सर?" त्यांनी विचारलं. आवाज डिसेंबरात होता तसाच.

"मी."

"पट्टी कोनी खोलली होती?"

"मीच. तुम्ही लावलेलं ग्रीस मी घाण समजून पुसलं."

त्यांनी मान हलवली. बाटलीचं बूच लावलं. मग मला मोकळं करायला म्हणून म्हणाले, "जाऊ द्या सर. गाडी चालली ना? चुकतंय मानसाचं."

तिथे थांबणं सोपं होतं. ते मला जाऊ देत होते. पण त्यांचा उजवा हात बॉनेटच्या कडेवर होता, थोडा थरथरत, आणि मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी तो खिशात घातला. मग मी बोललो. घरून मनात जुळवून आणलं होतं त्यातलं काही आठवलं नाही. जे आलं ते असं होतं:

"नाही मामा, जाऊ द्यायचं नाही. तुमच्या कामात काही चूक नव्हती. एकही जोड चुकला नव्हता. तुमचा हात चांगला आहे, डोळे चांगले आहेत, तुम्ही त्या दिवशी बरोबर जागेवर हात नेला होतात आणि मी तो अडवला. मग तुमचा हात गेला असं गावभर मीच सांगितलं, आणि खरं कळल्यावर तीन महिने गप्प बसलो. काल चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितलं, पण ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी चुकलो, मामा. मला माफ करा."